कोरफड उतरवली त्याची गोष्ट

आमच्या शिरगावात दारावर कोरफड टांगतात ती मुळांसकट उपटून, उलटी. मुळं वर, पानं खाली. सुंभाने बांधायची आणि चौकटीवरच्या खिळ्याला अडकवायची. घरावर जी काय वाईट नजर येईल ती कोरफड खाते म्हणतात. आणि माती नाही, पाणी नाही, तरी ती मरत नाही. वर्षानुवर्षं मरत नाही. का मरत नाही ते मला विचारू नका. मी चौथीतून शाळा सोडली, आणि तोवर कोरफडीचा धडा आला नव्हता.

माझं नाव कृष्णनाथ, पण तसं कोणी हाक मारत नाही. किस्ना ड्रायव्हर. लोखंडाच्या खाणीवरचा माल ट्रकात भरायचा, नदीच्या धक्क्यावर बार्जीत, म्हणजे माल नेणाऱ्या मोठ्या होडीत ओतायचा, परत खाणीवर. सगळी जिंदगी ह्या लाल धुळीत गेली. माझी बायको वत्सला पेडण्याकडची, केरीची, समुद्राच्या काठावरची. लग्न करून आली तेव्हा पेटीबरोबर एक कुंडी घेऊन आली. तिच्यात कोरफड. केरीला वाळूच्या उंचवट्यावर ती रानासारखी वाढते म्हणे. कोणाला भाजलं, कोणाच्या डोक्यात कोंडा झाला, की आळीतल्या बायका वत्सलाकडे यायच्या आणि पान कापून न्यायच्या. वत्सला देताना तोंडाने काही म्हणायची नाही, पण बाई गेली की कापलेल्या जागेवरून अंगठा फिरवायची.

तर ती कोरफड कुंडीतून दारावर का गेली, ते आधी सांगतो.

आमची एकुलती एक लेक गौरवी. पेडण्याला दिली. लग्न थाटात केलं, गावजेवण घातलं. पुढच्या वर्षी तिला दिवस गेले आणि सातव्यात पोर पोटातच गेलं. डॉक्टरने काय ते कारण सांगितलं, ते कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. ध्यानात राहिलं ते शिवदासने सांगितलं ते. शिवदास आमचा शेजारी. खाणीवर दगड फोडायच्या मशीनवर होता, आता घरी बसून लोकांना अक्कल सांगतो. तो म्हणाला, लग्न असं केलंत की सगळ्या गावाचे डोळे फाटले. नजर माहेरच्या दारातून लागली, ती माहेरच्या दारातच अडवायला पाहिजे.

मी त्याच दिवशी वत्सलाची कुंडी आडवी केली, कोरफड उपटली आणि दारावर टांगली. वत्सला बघत होती. लेकीच्या नावाने चाललेलं, म्हणून नको म्हणाली नाही. रिकामी कुंडी तिने नेऊन न्हाणीमागे पालथी घातली, आणि त्या दिवशी मला जेवण वाढताना भात जरा आपटूनच वाढला.

तीन वर्षं कोरफड तशीच लटकली. मधल्या काळात राजभाषेची भांडणं झाली. आंदोलनवाल्यांनी रस्त्यात झाडं आडवी पाडली, ट्रक जागच्या जागी उभे राहिले. मराठी की कोंकणी, ह्यावरून शिवदास आणि मी असे जुंपलो की बरेच दिवस एकमेकांच्या सोप्यावर चढलो नाही. कुंपणाच्या दोन बाजूंनी ओरडत होतो. आम्ही भांडत होतो ती भाषा तरी ह्या दोन्हींतली कुठली, असं मी वत्सलाला एकदा विचारलं. ती म्हणाली, "शिव्यांची." मग गोवा घटक राज्य झालं, पेढे वाटले, आणि शिवदास पेढा घेऊन स्वतःच आला. पेढा कुठल्या भाषेत खाल्ला ते आम्ही विचारलं नाही.

त्याच वर्षी गौरवीला परत दिवस गेले. दिवाळी झाल्यावर सातवा सुखरूप पार पडला आणि आम्ही तिला माहेरी आणली. आता तुम्हीच सांगा, त्या घरात आम्ही कसे वागत असू. मी ट्रकचं दारसुद्धा हळू लावायचो. वत्सला लेकीला उंबऱ्यावर बसू द्यायची नाही, पाण्याची बालदी उचलू द्यायची नाही, कोणी बाई आली आणि "काय तेज आलंय गो" म्हणाली की मागून मीठ-मिरच्या ओवाळायची. आणि दरवेळी तिघांचीही नजर आपोआप वर दाराकडे जायची. कोरफड आहे ना जाग्यावर. आहे.

गौरवी दिवसभर सोप्यावर बसायची, कदेल दारापाशी ओढून. कदेल म्हणजे आमची खुर्ची. तर तिथे बसून तिला पहिल्यांदा दिसलं. मी धक्क्यावरून आलो तर म्हणाली, "बाबा, वर बघा."

कोरफडीच्या पानांच्या मधून एक दांडा निघाला होता. फुलाचा. पेन्सिलीएवढा जाड, टोकाला कळ्यांचा शेंडा, गव्हाच्या लोंबीसारखा. पानं खाली, म्हणून दांडापण खालीच निघालेला. म्हटलं, येऊ दे. चार-पाच दिवस तो खाली आला. मग थांबल्यासारखा झाला, आणि मग वळला. हळूहळू, आकडा वाकवावा तसा वळला आणि वर निघाला. पानांच्या बाजूने, स्वतःच्याच मुळांच्या पलीकडे, आभाळाकडे.

मी खाली उभा राहून बघत राहिलो. मी घाटात गाडी वळवतो ती आरशात बघून, हॉर्न मारून, क्लिनरला खाली उतरवून. ही कशात बघून वळली? तीन वर्षं हिच्या बुडाला मातीचा कण नाही. मुळं सुकून नारळाच्या काथ्यासारखी झालेली. वरून आमच्या खाणीची धूळ बसून बसून पानं विटेच्या रंगाची. हिने पाणी कुठून आणलं, दांडा कशाचा केला, आणि वर कुठे ते हिला सांगितलं कोणी? देवळात घंटा वाजते तेव्हा माझं अंग शहारत नाही, खरं सांगतो. त्या दिवशी शहारलं.

पण वत्सलाचं लक्ष दांड्याकडे नव्हतं. ती पानं बघत होती. दांडा जसा वर चालला तशी पानं पातळ होत चालली होती. आधी बोटाएवढी जाड होती, ती आता सुरळी झाली, कडा आत वळल्या. वत्सला एवढंच म्हणाली, की ती स्वतःला पिळून फुलाला देतेय.

त्याच आठवड्यात खाणीवरची जीप मागून आम्ही गौरवीला डिचोलीला दवाखान्यात दाखवायला नेली. नर्सबाईने पोट चाचपलं, परत चाचपलं, आणि म्हणाली की पोर उलटं आहे. डोकं वर, पाय खाली. वेळ आहे, फिरेल. नाही फिरलं तर म्हापशाच्या मोठ्या इस्पितळात न्या, इथे ठेवू नका.

घरी आल्यावर वत्सला दारात उभी राहिली, वर बघितलं, आणि मग माझ्याकडे बघितलं.

"तुमीच टांगलात ना ती उलटी? पोर तिच्या खाली बसान बसान उलटा झाला."

कुंपणापलीकडून शिवदासने ऐकलं होतं. तो लुंगी सावरत आला. त्याचं म्हणणं बरोबर उलटं. ह्याच वेळेला कोरफड काढलीत तर संपलं. तीन वर्षांची नजर तिच्यात भरलेली आहे, ती उतरवणार त्याच्या अंगावर सांडेल, आणि घरात सगळ्यांत हलकं अंग कोणाचं, तर पोटातल्या पोराचं. अशी कोरफड सुकली की वाहत्या पाण्यात सोडायची असते, परत मातीत लावायची नसते. वत्सला म्हणाली की सुकली कुठे आहे, फुलतेय. शिवदास म्हणाला, मग तर हातच लावू नका. वत्सला म्हणाली, ठेवली तर माझ्या लेकीचं पोर पायाने येईल, आणि मागच्या वेळी तुझ्याच अकलेने झाडाचं वाटोळं झालं.

मी पायरीवर बसलो होतो. एकाचं ऐकलं की खरं वाटायचं, दुसरीचं ऐकलं की तेही खरं वाटायचं. चढावावर भरलेली गाडी बंद पडली की जसं होतं, पुढे जाता येत नाही, मागे सोडता येत नाही, तसं झालं. एक पोर गेलं होतं. दुसरं जायला नको, एवढंच दोघंही बोलत होती, फक्त तोंडं दोन दिशांना होती.

गौरवी इतका वेळ कदेलवर ऐकत बसली होती. हात पोटावर. ती म्हणाली, "बाबा, माझ्या पोराचा काय व्हायचा ता होऊंदे. हिका तरी सरळ करा. माका रोज वर बघवत नाय."

आवाज चढवला नव्हता तिने. पण शिवदासने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "गाराणा घालून उतरव. देवाक सांगान केलेला चुकत नाय."

गाऱ्हाणं म्हणजे आमच्याकडे देवाला उभं राहून, मोठ्याने, सगळ्यांसमोर सांगायचं. काय झालं, काय पाहिजे, काय देऊ. एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला होय म्हणायचं. शिवदासला ते चांगलं येतं. आवाज खणखणीत, आणि मधेच देवाला दम द्यायची त्याची सवय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुट्टी टाकली. न्हाणीमागची कुंडी वत्सलाने सुलटी करून धुतली. तिच्याखाली तीन वर्षांत मुंग्यांनी गाव वसवलं होतं. मी परसातली माती खणून भरली, आपली शिरगावची, लालभडक. शिडी लावली. शिवदास नारळ हातात घेऊन दारासमोर उभा राहिला, डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, जागेच्या राखणदारा…"

"व्हय म्हाराजा," आम्ही सगळे.

"हे किस्नाच्या दारार कोरफड तीन वर्सा उलटी लटाकली. ह्या घराची नजर तिना खाल्ली. ती नजर तिच्या पोटातसून काढ आणि दर्यापलीकडे न्हेवन टाक रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ह्या लेकीक सुखान सोडव. पोर उलटा असलां तर सुलटा कर."

"व्हय म्हाराजा." ह्या वेळेला वत्सलाचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

"हो किस्ना माझा कधी आयकत नाय, डोक्यान कमी आसा, तरी तेका सांभाळून घे."

काय करणार, गाऱ्हाण्यात थांबता येत नाही. मीपण म्हटलं, "व्हय म्हाराजा." गौरवी पदर तोंडावर धरून हसली. त्या दिवसांत मी तिला हसताना पहिल्यांदा बघितलं, म्हणून शिवदासचं ते बोलणं मी सोडून दिलं.

"आणि ह्या झाडाक आमी मातीत घालतांव, पोटभर पाणी पाजतांव. तिचो राग आमच्यार नको."

"व्हय म्हाराजा."

शिडीवर चढलो. सुंभ सोडायला गेलो तर सुटेना. जवळ तोंड नेऊन बघितलं. त्या सुंभाच्या गाठीत, तीन वर्षांची धूळ आणि कोळ्याची जाळी जिथे साठली होती तिथे, पांढरी मुळं फुटली होती. तांदळाच्या कणीएवढी, चार-सहा. जुन्या मेलेल्या मुळांमधून निघालेली आणि गाठीला धरून बसलेली. तिला माती मिळाली नाही, तर तिने आमची धूळच माती मानली होती. सुंभ मी सोडला नाही. कापला, आणि गाठ तशीच मुळांना राहू दिली. हातात घेतली तर वजन काहीच नाही, चिमणी धरावी तसं. पण एक पान चुकून मोडलं आणि आतून तो बुळबुळीत, थंड रस माझ्या मनगटावर ओघळला. डिसेंबरच्या कोरड्यात, दारावर लटकून, हा गारवा हिने कुठे लपवून ठेवला होता?

कुंडीत लावली. दांड्याला धक्का लागू दिला नाही. आता पाणी. वत्सला म्हणाली, नुसता शिंतोडा मारा, आमच्याकडे उपटलेल्याला लगेच पाणी घालत नाहीत. शिवदास म्हणाला, देवाला पोटभर सांगितलंय, आणि तू शिंतोड्यावर भागवतेस? मलाही ते पटलं. दारात आलेल्या माणसाला आपण आधी पाणी देतो, गुळाचा खडा देतो. ही तर तीन वर्षांनी घरात आलेली. मी बालदी उचलली आणि ओतली, आणि शिवदासने गुळाचा खडा मातीवर ठेवला. लाल माती ती, पाणी प्यायली आणि चिखल होऊन घट्ट बसली. सगळ्यांना बरं वाटलं.

आठवडा गेला नसेल, गौरवीने वत्सलाला हाक मारली. खालचं पान शिजल्यासारखं झालं होतं, पिवळं आणि मऊ, बोट लावलं की आत जायचं. उग्र वास येत होता. तीन वर्षं जिला उपाशी ठेवून मारता आली नाही, तिला आम्ही एका बालदीने मारायला घेतली होती.

गौरवी त्या दुपारी जेवली नाही. तिच्या मनात काय चाललंय ते उघड होतं. झाड देवाला सांगून उतरवलं होतं, तेच कुजलं, तर पोराचं काय. वत्सला तिच्या समोर जाऊन बसली, कुंडी मांडीशी घेतली आणि दोन्ही हात चिखलात घातले. शिवदास कुंपणावरून बोलला की देवाला दिलेलं वचन मोडतेस. वत्सलाने वर न बघता सांगितलं, "देवाक सांग, तिचा पोट भरला."

कुजलेलं पान तिने काढलं, चिखल झाडला, काळी पडलेली मुळं सुरीने कापली आणि कोरफड सोप्यावर उन्हात नुसती आडवी ठेवून दिली. केरीला असंच करतात म्हणाली. जखम सुकू द्यायची, तोवर मातीचं तोंड दाखवायचं नाही. मला नदीची वाळू आणायला पाठवलं. धक्क्यावरून परत येताना मी गोणी भरून आणली. कौलाचे तुकडे कुंडीच्या तळाला, त्यावर वाळू, थोडी माती, सुकं शेण चुरून. कापल्या जागी सुकून पापुद्रा आला तेव्हा वत्सलाने ती लावली आणि पाणी घातलं नाही. आम्हा दोघांना, मला आणि शिवदासला, कुंडीच्या जवळपास बालदी घेऊन फिरायला बंदी.

आता गंमत बघा. झाड सुलटं झालं, म्हणजे तो वाकलेला दांडा उलटा झाला. इतके दिवस वर बघणारं टोक आता जमिनीकडे. मी म्हटलं, संपला, हा आता तुटून पडणार. गौरवी रोज सकाळी कदेल कुंडीपाशी नेऊन बसायची. आणि तो दांडा परत वळायला लागला. टोक आधी आडवं झालं, मग जरा उचललं, मग सरळ वर. एकाच दांड्याला दोन वळणं, नागासारखी. ट्रक धुता धुता मी हात ओला तसाच ठेवून बघत उभा राहायचो. त्याला आम्ही एकदा फसवलं, दोनदा फसवलं. त्याने तक्रार केली नाही. जिथे ठेवला तिथून वर कुठे ते शोधलं.

शिवदास सगळ्या गावाला सांगत सुटला की दांडा फिरला, आता पोर फिरणार. वत्सला तर पैज लावायला तयार. आम्ही परत डिचोलीला गेलो. नर्सबाईने चाचपलं. डोकं वर, पाय खाली. जसं होतं तसं.

वत्सला तिथेच बाकावर बसली. मी गौरवीकडे बघायचं टाळत होतो. पण ती शांत होती. मला म्हणाली, "बाबा, घाबरू नका. ता बसलाहा तसा बसूंदे. आमी म्हापशाक जावया." त्या दिवसापासून ती नीट जेवायला लागली. का, ते मी विचारलं नाही. झाडाकडे बघून तिला काय कळलं असेल ते तिचं. माझ्या ते डोक्यात नीट बसत नाही, पण एवढं दिसतं की आम्ही पोर फिरायची वाट बघत होतो, आणि ती पोराची वाट बघत होती.

कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी. जीप मीच चालवली. आयुष्यात कधी चालवली नसेल इतकी हळू, आणि वत्सला मागून ओरडत होती की बैलगाडी बरी. म्हापशाला डॉक्टर म्हणाले, पोट कापावं लागेल, तयारी करतो. मी कागदावर सही केली, मला येते तेवढी. तयारी व्हायच्या आतच आतून रडणं ऐकू आलं. बारीक, रागावलेलं. वत्सलाने माझा दंड धरला होता, तो दुखायला लागला तरी मी सोडवला नाही.

नर्स बाहेर आली. मुलगी, म्हणाली, आणि बाळंतीण बरी आहे. पायाळू आहे, थांबायला तयार नव्हती, आधी पायच बाहेर काढले. मग तिने कपड्यात गुंडाळलेलं ते गाठोडं माझ्यापुढे धरलं. तोंड नर्सच्या बाजूला होतं. दिसत होते फक्त पाय, कपड्याच्या बाहेर आलेले, गुलाबी, सुरकुतलेले, बोटं फाकवलेली. माझ्या अंगठ्याएवढं पाऊल. त्याच्यावर टाच, घोटा, नखं, सगळं. एकही गोष्ट विसरलेली नाही. ह्या पायांनी ती अंधारातून आली होती, पुढे काय आहे ते न बघता.

आमच्याकडे पायाळूचा पाय लागला की कंबर बरी होते म्हणतात. माझी कंबर त्या दिवशी दुखत नव्हती. तरी मी वाकलो आणि कपाळ त्या पायांना लावलं.

नर्स ओरडली, "अहो आजोबा, ते अजून पुसायचे आहेत."

म्हटलं, पुसा. माझं झालं.